अस्वलाचं शेवटचं म्हणणं

यासेनिका, १६ जानेवारी २०००

प्रिय हिल्डा,

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. कॉफी झकास आहे. चॉकलेटं रोझाने कपाटात कुलूपबंद केली आहेत आणि किल्ली कुठे आहे ते तिलाही आठवत नाही, असं ती म्हणते. तिचे ओठ मात्र वेगळं सांगतात.

बातमी अशी की तुझा मावसभाऊ अध्यक्ष झाला. ‘सिलेशियन बोली संवर्धन मंडळ, यासेनिका’. सभासद म्हणजे मी, माझी बायको रोझा (तिला न विचारता), अग्निशमन दलाचा एंगेलबेर्ट आणि हायडला ओमा. सगळ्या गावाची आजी असलेल्या या ओमाला वाटतंय की मंडळ तिचं पेन्शन वाढवून देणार. निवड बिनविरोध झाली. दुसरं कोणी उभं राहिलं नाही. खरं तर मीही बसूनच होतो.

हसू नकोस. यंदापासून शाळांना आठवड्यातला एक तास आपल्या भागाच्या गोष्टी शिकवायला मोकळा मिळतो आहे. मी अर्ज केला की तो तास आपल्या बोलीला द्या. वॉर्साच्या दप्तरी अल्पसंख्य म्हणून जर्मन आहेत, युक्रेनी आहेत, बेलारुशी आहेत. आपण सिलेशियन कुठेच नाही. आपण म्हणे पोलिशच, फक्त जरा तोंड वाकडं करून बोलणारे. निदान ज्या शाळेत या बोलीपायी आपण दोघांनी हातावर पट्ट्या खाल्ल्या, तिथे तरी तिला बसायला एक बाक मिळावा.

सरपंच नोर्बेर्ट स्मिकाला नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, तज्ज्ञ मागवतो. ओपोलेहून एक डॉक्टर झालेव्स्का बाई येणार, गावात बोली खरोखर जिवंत आहे का ते तपासणार, आणि त्यांच्या अहवालावर एप्रिलमध्ये पंचायत ठरवणार. अहवाल विरुद्ध गेला तर विषय कायमचा मिटला. माणसाची नाडी बघायला डॉक्टर येतो हे ठाऊक होतं, बोलीची बघायला येतो हे नवीनच. पण मी निश्चिंत आहे. या गावात कोंबडेसुद्धा सिलेशियनमध्ये आरवतात.

अध्यक्ष (आणि तुझा) गिंटेर


डोर्टमुंड, २ फेब्रुवारी

अध्यक्षमहाराज,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपली बोली वाचवण्याबद्दलचं हे कळकळीचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शुद्ध पोलिशमध्ये लिहिलं आहे, हे तुझ्या ध्यानात आलं का? मधली दोन वाक्यं तर वीज मंडळाच्या नोटिशीतून उचलल्यासारखी आहेत. चाळीस वर्षं खांबावर चढलास त्याचा परिणाम असणार.

आणि मला एक सांग, एका तासाने काय होणार? त्या शाळेत सगळे तास, सगळी वर्षं, आपलं बोलणं विसरायला शिकवलं, तरी आपण विसरलो नाही. एवढ्या मेहनतीने जे जमलं नाही, त्याच्या उलटं एका तासात कसं जमेल?

मी मजेत आहे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून आता निवृत्त झाले. तिथे एकोणीस वर्षं मी ‘ती पोलिश बाई’ होते. गावी आले की तुम्ही ‘जर्मनीवाली आली’ म्हणता. मी काही मंडळ काढलं नाही. वेळ आहे तर गुडघ्यांना मलम लाव.

हिल्डा


यासेनिका, ३ मार्च

प्रिय हिल्डा,

पोलिशमध्ये लिहितो कारण लिहायला तेवढंच शिकवलं. सिलेशियन मला फक्त तोंडाने येते, आणि काल कळलं की तोंडानेही येत नाही.

काल बाई आल्या. झालेव्स्का बाई तरुण, नीटनेटक्या, बोलायला गोड. बरोबर टेपरेकॉर्डर. ईस्टरच्या उपासांआधीचा शेवटचा गुरुवार, म्हणून घरोघरी मुरंबा भरलेले गोड क्रेपले तळलेले. मी त्यांना आधी हायडला ओमाकडे नेलं. ओमा म्हणजे आमचं हुकमी पान. तिच्या तोंडी असे शब्द आहेत की मलाच अर्धे कळत नाहीत. बघतो तर ओमा चर्चचा काळा झगा घालून, केस चापून बसलेली. बाईंनी टेप सुरू केला आणि विचारलं, “आजी, लहानपणी थंडीत तुम्ही काय करत होता?” ओमा म्हणाली, “आम्ही शेकोटीच्या सान्निध्यात बसून वेळ व्यतीत करीत असू.” हिल्डा, माझ्या हातातला क्रेपला खाली पडला. आतला मुरंबा विजारीवर.

पुढे सगळीकडे तेच. एंगेलबेर्टने आगीच्या पंपाची माहिती रेडिओवरच्या बातम्यांसारखी दिली. दुकानात ज्या बायका रोज एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, त्या बाईंसमोर “कृपया” आणि “आभारी आहे” करत होत्या. आपल्याकडची रीतच ती. पाहुण्याशी, साहेबाशी, दाखवायचं बोलणं बोलायचं. घरचं बोलणं पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला स्वयंपाकघरातल्या टवका उडालेल्या कपात कॉफी देणं. मी आदल्या रात्रीच घसा फोडून सांगितलं होतं की उद्या आपलं बोला. रोझा म्हणाली, “पाहुणीशी? आपल्या बोलीत? मला नाही बाई जमणार, ती काय म्हणेल?”

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. “वार्झेखासाहेब, अध्यक्ष या नात्याने आपण तरी दोन वाक्यं बोलून दाखवाल का?”

मी उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, “आपले आमच्या गावी मनःपूर्वक स्वागत असो.”

पोलिशमध्ये. अस्खलित. त्या शाळामास्तरांनी थडग्यातून शाबासकी दिली असेल. दुसरं वाक्य आठवेना. जीभ अशी चिकटली की काही केल्या हलेना. बाईंनी हळूच टेप बंद केला. त्यांचा तो हळुवारपणा मला फार लागला.

उद्या गावात अस्वल फिरवायचं आहे. दरवर्षी अस्वलाचं सोंग घेणाऱ्या राइनोल्डची कंबर धरली आहे आणि माझी अंगकाठी बघून एंगेलबेर्टने मला उभं केलं आहे. जे व्हायचं ते होवो. मेंढीच्या कातड्यात तोंड लपवायला मिळेल, एवढीच सोय.

गिंटेर


डोर्टमुंड, १३ मार्च

गिंटेर,

मी इतकी हसले की मांजर पलंगाखाली जाऊन बसली. “सान्निध्यात वेळ व्यतीत!” ओमाने हे शब्द कुठे जपून ठेवले होते?

बरं झालं एका परीने. प्रकरण संपलं. आपण सगळे गुणी विद्यार्थी निघालो, दुसरं काय. आता ते मंडळ गुंडाळ आणि बागेत बटाटे लाव. ते तरी उगवतात.

हिल्डा


यासेनिका, २० मार्च

हिल्डा,

‘बरं झालं’ म्हणतेस! तुझं काय जातं? तू सुटलीस. डोर्टमुंडला ट्रामने फिरतेस, जर्मन पेन्शन खातेस, आमची गंमत बघतेस. इथे शाळेतली पोरं आजीशी आजीच्या बोलीत बोलायला लाजतात. माझी नात परवा मला म्हणाली, “आजोबा, माझ्या मैत्रिणी आल्यावर जरा नीट बोला ना.” मी नीट बोललो. दिवसभर गप्प बसलो, म्हणजे तेवढंच नीट.

आणि प्रकरण संपलेलं नाही. उलट आता मी खरा अडकलो आहे. लाज वाटली म्हणून लिहायला उशीर केला, आता सगळं सांगतो.

शनिवारी मला मेंढीची कातडी चढवली, तोंडावर डोकं बांधलं, साखळी घातली. पुढे अ‍ॅकॉर्डियन, बाजूला नकली पोलीस, मागे काजळी फासणारा धुराडेवाला. घरोघरी गेलो, बायकांबरोबर नाचलो, त्यांनी कोंबड्यांच्या बरकतीसाठी माझी लोकर उपटली. राइनोल्डने कंबर का धरली ते कळलं. तिन्हीसांजेला मैदानावर खटला. नेहमीसारखे गावाचे वर्षभराचे सगळे गुन्हे माझ्यावर. गोळी घालण्याआधी आपल्या गावात अस्वलाला शेवटचं म्हणणं मांडायचा हक्क असतो, तुला आठवत असेल. आणि अस्वल कधी पोलिशमध्ये बोलल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

मी तोंड उघडलं आणि हिल्डा, धरणच फुटलं. गुरुवारी अडकलेलं सगळं बाहेर आलं.

“म्या अस्वल हाय. मला समदं कबूल हाय. ओमाच्या कोंबड्या अंडी देईनात, माझ्यामुळं. एंगेलबेर्टचा पंप नेमका आगीच्या दिवशी रुसतो, त्येबी माझ्यामुळं. पर त्या सरपंच स्मिकालाचं पाप म्या घेनार न्हाय! ह्यो गडी पंचायतीत बोलाय लागला की वाटतं पेपर गिळून आलाय. आन् गोठ्यात गाईंशी कसा बोलतो? आपल्या बोलीत! गाईंना चालती ती बोली पोरांना शिकवा म्हनलं, तर ह्याला दाखला लागतो, डाक्टर लागतो!”

लोक हसून हसून लोळले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अस्वलाच्या अंगात आलं होतं.

“आन् त्यो तुमचा अध्यक्ष, गिंटेर वार्झेखा! बोली वाचवाय निघालाय. सायेब दिसला की ह्याची जीभ पोटात. बाई आली तर तिला म्हनतो, मनःपूर्वक स्वागत! आरं, सोताच्या बायकोला कदी केलंस का स्वागत?”

गर्दीतून रोझाचाच आवाज आला, “कदीच न्हाय केलं ह्या मेल्यानं!” मग कोणी मागे राहीना. ओमा काठी आपटत अशा शिव्या देत होती की पाद्रीबाबा बूट न्याहाळत उभे राहिले.

मग मला गोळी घातली, व्होडकाने जिवंत केलं आणि मी घरी येऊन झोपलो.

रविवारी दारात झालेव्स्का बाई. त्या परत गेल्याच नव्हत्या. अस्वल बघायला पाद्रीबाबांकडे राहिल्या होत्या. पोरींनी त्यांना एप्रन चढवला, डोक्याला रुमाल बांधला, धुराडेवाल्याने तोंडाला काजळी फासली, आणि भर गर्दीत त्या कोणाला ओळखूच आल्या नाहीत. टेपरेकॉर्डर एप्रनखाली. आमच्या सगळ्यांचा आवाज आला होता, पण अस्वलाचा सगळ्यांत स्पष्ट.

“ते अस्वल कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“गावाचा नियम आहे, अस्वलाचे नाव उघड करावयाचे नसते,” मी म्हणालो. परत पोलिश! रोझा कॉफी ओतत होती. माझ्या केसात अडकलेल्या लोकरीकडे बघत तिनेही तितक्याच शुद्ध भाषेत सांगितलं की तिला काहीच कल्पना नाही.

बाईंनी त्यांची अडचण सांगितली. न विचारता रेकॉर्ड केलं ही त्यांची चूक, त्यांना ती मान्य आहे. आता बोलणाऱ्याने नाव सांगून परवानगी दिली आणि पंचायतीत स्वतः उभं राहून टेप ऐकवली, तरच ती पुरावा. नाहीतर त्या टेप पुसणार, आणि अहवालात गुरुवारी जे दिसलं तेच लिहिणार की जिवंत बोली आढळली नाही.

आता बघ. टेप ऐकवली, तर ज्याच्या मतावर तास मिळायचा त्या स्मिकालाला मी त्याच्याच सभेत गाईंवरून जाहीर शिव्या देणार, आणि वर स्वतःलाही. नाही ऐकवली, तर विषय कायमचा मिटला. माणसाने स्वतःविरुद्ध इतका भक्कम पुरावा कधी गोळा केला नसेल.

गिंटेर


डोर्टमुंड, १ एप्रिल

गिंटेर,

‘तू सुटलीस’ हे वाचून मी पत्र मिटून ठेवलं होतं. दोन दिवस रागात होते. आज राग नाही, म्हणून खरं लिहिते.

माझा एर्विन गेला त्याला ऑक्टोबरमध्ये दोन वर्षं होतील. त्या दिवसापासून मी आपल्या बोलीत एक शब्द बोललेले नाही. कोणाशी बोलणार? मुलगा जर्मनमध्ये फोन करतो, नातवंडं जर्मन, मांजरसुद्धा जर्मन आहे. एर्विन होता तेव्हा आम्ही रोज सकाळी ब्रेडवरून भांडायचो, आपल्या बोलीत, मोठमोठ्याने. ते मला वैतागाचं वाटायचं. आता हे घर इतकं सभ्य झालं आहे की मला ते सहन होत नाही. तुझी थट्टा करते, कारण तुमच्याकडे अजून थट्टा करण्यासारखं काही आहे.

मी ‘एका तासाने काय होणार’ म्हटलं होतं. मला एक तास कोणी दिला, तर मी तो नाकारणार नाही.

तेव्हा अध्यक्षमहाराज, नाव सांगा. स्मिकाला चिडेल तर चिडू दे. आपण त्याला शाळेत नाकातला शेंबूड पुसताना पाहिला आहे, त्याला घाबरतोस काय? आणि स्वतःला दिलेल्या शिव्यांची लाज वाटत असेल, तर त्यातली एकही खोटी नव्हती, हे रोझाला विचार.

हिल्डा


यासेनिका, ३० एप्रिल

प्रिय हिल्डा,

तुझ्या पत्राने मला चांगलंच सुनावलं. ‘सुटलीस’ म्हटलं ते मी परत घेतो. तू एकटी तिथे गप्प बसली आहेस हे मला कळायला हवं होतं. मी तुझी थट्टा वाचत राहिलो आणि खुशाल समजलो की तू मजेत आहेस.

नाव सांगितलं. गुरुवारी पंचायतीत उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, “ते अस्वल मी होतो.” कोणालाच धक्का बसला नाही, हा माझा पहिला अपमान. मग झालेव्स्का बाईंनी टेप लावली.

सभागृहात माझा आवाज घुमायला लागला. मी छताकडे बघत होतो. गाईंचा भाग आला तसा स्मिकालाचा चेहरा बिटासारखा झाला. माझ्यावरच्या शिव्या आल्या तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टेप संपली.

स्मिकाला उठला, कोट सारखा केला, घसा खाकरला. “सन्माननीय सदस्यगण, सदर ध्वनिफितीतील विधाने सर्वस्वी निराधार असून पंचायत त्यांचा…” इथे तो थांबला. माझ्याकडे बघितलं. आणि फुटला.

“माझ्या गोठ्याला कान लावून बसला व्हतास व्हय रं, मुडद्या? म्या माझ्या गाईंशी कसाबी बोलीन! माझी आई त्याच बोलीत बोलली तेंच्याशी, तिची आईबी! तू कोन इचारनार?”

“म्याबी त्येच म्हनतोय की!” मी ओरडलो. आणि हिल्डा, पंचायतीत, टोपी हातात धरून, साहेबांपुढे, मी आपल्या बोलीत ओरडत होतो आणि जीभ कुठेच चिकटली नाही.

मग कोण ऐकतो? एंगेलबेर्ट पंपासाठी उठला. मास्तरीणबाई उठल्या. ओमा तर सदस्यही नाही, पण ती मागच्या बाकावरून म्हणाली की स्मिकालाच्या आईला तिने लंगोटात पाहिलंय, तेव्हा त्याने गप बसावं. सगळे एकदम बोलत होते, आणि एक शब्दही पोलिश नव्हता. युद्धानंतर त्या सभागृहात आपलं बोलणं कोणी उभ्याने बोललं नव्हतं. मागच्या बाकावर कुजबुजायचे, बस. मी भांडायचं सोडून ऐकत उभा राहिलो.

तेवढ्यात ब्रोनिस्वाव उठला. त्याच्या लोकांना युद्धानंतर पूर्वेकडून मालगाडीत घालून आपल्या गावात आणून टाकलं होतं, तोच. आपण लहानपणी त्यांच्या पोरांना ‘गोरोल’, म्हणजे उपरे, म्हणून दगड मारले. तो त्याच्या पूर्वेकडच्या बोलीत काही म्हणाला. अर्धं कळलं. “माझी आज्जी अशी बोलायची. तिला कोनी इचारलं न्हाय, मी बी न्हाय इचारलं. ह्यांना तास भेटत आसंल तर भेटू दे. पुढल्या साली मी आज्जीसाठी मागनार हाय.” आणि हात वर केला. एकेक हात वर गेला. शेवटी स्मिकालाचाही गेला, आणि वर असताना तो मला मूठ करून दाखवत होता.

इतिवृत्त लिहिणारी मुलगी दूरच्या कील्त्सेची, तिला काही कळेना. तिने लिहिलं, “सदस्यांनी स्थानिक भाषेत विस्तृत व मनमोकळी चर्चा केली.” सरकारी कागदावर आपल्या बोलीचा पहिला उल्लेख आला तो असा.

तास शुक्रवारचा शेवटचा, कवायतीनंतर, पोरं पेंगत असतात तेव्हाचा. शिकवणार मी. देव त्या पोरांचं भलं करो. मला भीती वाटते आहे, पण हे तुलाच सांगतो. स्मिकाला अजून माझ्याशी बोलत नाही. बोलला तर कुठल्या बोलीत बोलेल याचीच उत्सुकता आहे.

गिंटेर


डोर्टमुंड, १० मे

गिंटेर,

तुझं पत्र सकाळी आलं. स्वयंपाकघरात उभी राहून वाचायला लागले. स्मिकाला फुटला तिथे आले आणि माझ्याही नकळत मोठ्याने वाचायला लागले. तुझं पोलिशही मनातल्या मनात आपल्या बोलीत आणून. स्मिकालाचा आवाज काढला, ओमाचा काढला, तुझा काढला. मग मलाही राहवेना. तुम्हा सगळ्यांना मी माझंही सुनावलं. स्मिकालाला शाळेतल्या शेंबडावरून, तुला वीज मंडळाच्या भाषेवरून, आणि एर्विनला ब्रेडवरून. घसा बसला माझा.

दुपारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बेकरबाई भेटल्या. त्या काळजीत होत्या. म्हणाल्या, “सकाळी तुमच्याकडून फार आरडाओरडा ऐकू येत होता. सगळं ठीक आहे ना? कोण आलं होतं?”

मी म्हटलं, “काही नाही हो, घरची माणसं होती.”

हिल्डा